गुडघ्यातला उस्ताद

आमच्याकडे एखाद्याला मूर्ख म्हणायचं असलं की त्याची अक्कल गुडघ्यात आहे म्हणतात. माझ्या गुडघ्यात अक्कल नव्हती, कान होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही पूर्वी असल्या गोष्टींना फिदीफिदी हसणाऱ्यांतलाच होतो.

हे लिहितोय ते माझ्यासारख्या मोडक्या सांध्यांच्या माणसांसाठी. कुणाचा गुडघा फौजेत गेला, कुणाचा खांदा, कुणाचं कोपर, आणि मेडिकल बोर्डाने टक्के कमी लावून घरी पाठवून दिलं. अपंगत्व वीस टक्क्यांच्या आत लिहिलं की अपंगत्वाची पेन्शन संपली, मग सरकारच्या लेखी तुम्ही जवळजवळ धडधाकट. अशांनी गप्प बसू नये, अपील करावं, लाज धरू नये, एवढंच मला सांगायचं होतं. पण माझं अपील कसं झालं ते सांगितल्याशिवाय हे सांगता येत नाही, आणि ते सांगायला मला दोन वर्षं धीर झाला नाही.

ढिगाऱ्याखाली

एकाहत्तरच्या लढाईत आम्ही पश्चिमेच्या सरहद्दीवर होतो. बंकरमध्ये मी आणि आमचे हवालदार, दोघेच. हवालदार पंजाबकडचे. भरती झालो तेव्हा मला कवायत त्यांनीच शिकवली, म्हणून मी त्यांना शेवटपर्यंत उस्तादच म्हणायचो. त्यांचा आवाज एकदा ऐकला की विसरायची सोय नव्हती. "सावधान" म्हणाले की आपण ऐकलं की नाही हे ठरवायच्या आत टाचा जुळलेल्या असायच्या. डोक्याला विचारायचं कामच नाही, पाय परस्पर ऐकायचे.

भर दुपारी गोळा जवळ पडला आणि वरची लाकडं, वाळूची पोती, सगळं अंगावर आलं. एक ओंडका माझ्या उजव्या गुडघ्यावर आणि उस्ताद माझ्यावर आडवे. मी जीव तोडून धडपडायला लागलो, तसे ते कानाशी म्हणाले, "हिलना मत. जब मैं बोलूँगा, तब उठना." मी हललो नाही. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता, तो थोड्या वेळाने लागेनासा झाला. पुढे लोकांनी उकरून आम्हाला बाहेर काढलं. उठ म्हणून त्यांनी मला काही सांगितलं नाही.

ते शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. माझ्या बायकोला, शेवंतालाही नाही. मेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं चघळत बसायचं नसतं, असं मला वाटायचं.

वॉर्ड

ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं. ज्या दिवशी प्लास्टर कापलं तो माझा निदानाचा दिवस. डॉक्टरांनी गुडघा दोन्ही हातांत घेऊन इकडून तिकडून असा बघितला, जसं बाजारात वांगं बघतात. "ये जोड़ अब पहले जैसा नहीं होगा," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला वाटलं, परत येतील, अजून काहीतरी सांगतील. ते आले नाहीत. मी माझ्या पायाकडे बघत बसलो. हडकुळा, पांढरा, सालपटं निघालेला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय चुकून माझ्या कमरेला लावलाय असं वाटत होतं.

वॉर्डातले दिवस एकाला एक जोडलेले असतात. सकाळी चहा, थर्मामीटर, फिनेलचा वास, डॉक्टरांची फेरी, मग व्यायाम, मग भात. दुखत नाही म्हणून खोटं बोलायची वॉर्डात चढाओढ असते. ज्याला खरंच जास्त दुखतं तो जास्त मोठ्याने चेष्टा करतो. एक केरळची सिस्टर होती. प्लास्टरच्या आत खाज सुटली की ती स्वतःची विणायची सुई आणून द्यायची. देवाच्या दारात तिला त्या सुईचं पुण्य मिळावं. माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक खांदा मोडलेला शिपाई होता, तो दिवसभर माझी टिंगल करायचा आणि माझ्या वाटचं केळं सोलून द्यायला सांगायचा.

त्या सिस्टरने एकदा सकाळी पाय सरळ करायला सांगितला. रोजच सांगायची. रोजच व्हायचा नाही. ना सरळ, ना पुरता वाकडा, गंजलेल्या बिजागरीसारखा मधेच अडकलेला. मी दात खाऊन जोर लावत होतो आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"सावधान!"

कट् असा आवाज करत पाय सरळ झाला. खाटेवर पडल्यापडल्या माझ्या टाचा जुळल्या.

"बाहेर कवायत चालू आहे का रे?" मी साताऱ्याच्या शिपायाला विचारलं.

"बाहेर धोबी चादरी वाळत घालतोय. त्याला सलाम ठोकतोस काय?"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर खूश झाली, रोज असंच कर म्हणाली. मला काही ते येईना. मी केलंच नव्हतं ते. दुपारपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा सुजला आणि मला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने स्नायू कधीकधी असे एकदम आखडतात. असतील. पण आखडणारा स्नायू उस्तादांच्या पंजाबी ढंगात हुकूम देतो असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ते मी त्यांना विचारलं नाही.

पहिला बोर्ड

बोर्ड म्हणजे एक लांब टेबल, मागे अधिकारी आणि समोर आपण. माझ्या हातात काठी. "चलके दिखाओ," म्हणाले. मी खुरडत निघालो. खोलीच्या मधोमध आलो आणि पाठीमागे, अगदी मानेजवळ, तोच आवाज.

काठी हातातून सुटली. मी ताठ उभा राहिलो. "पीछे मुड़" आलं, मी मागे वळलो. "तेज़ चल" आलं, मी भिंतीपर्यंत चालत गेलो, परत आलो, आणि टेबलापुढे असा सलाम ठोकला की संचलनात पहिला नंबर यावा. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. डोळे पुसायची परवानगी मला नव्हती.

"शाबाश!" टेबलामागचे साहेब म्हणाले. "इसको कहते हैं जवान!"

त्यांनी वीसच्या आत टक्के लावले. त्यांना तरी काय दोष द्यायचा? डोळ्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसलो तो उठता येईना. गुडघा इतका फुगला की अर्दलीने कात्रीने पँट फाडली. "हुकूम कोण देत होतं रे आत?" मी त्याला विचारलं. तो दारातच उभा होता. तो म्हणाला, "कोणीच नाही. तुम्हीच आपले एकटे वळत होता."

खडीवर

घरी आलो तर दुष्काळ. तिसगावच्या जवळ आमची वाडी. विहिरी तळापर्यंत कोरड्या, गुरं छावणीला, आणि गावातली झाडून सगळी माणसं सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. शेवंताही जायची. मी काठी टेकत मागोमाग जाऊन बाभळीखाली बसायचो, कारण घरात एकटं बसवत नव्हतं.

तिच्या हाताला फोड आलेले. संध्याकाळी ती अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापायची तेव्हा तोंडातून स्स् करायची आणि मी दिसलो की गप्प व्हायची. अपील करायचं ते तेव्हा ठरवलं. माझा पाय फौजेत गेला हे कुणीतरी मान्य करावं आणि माझ्या वाटचे दगड तिला फोडायला लागू नयेत.

नगरला माजी सैनिकांची कामं करून देणारे एक म्हातारे सुभेदार होते. त्यांनी अपिलाचे कागद केले. म्हणाले, "कागदाचं मी बघतो. तू फक्त पुढच्या बोर्डापुढं शिपाईगिरी करू नको. दुखतं तर दुखतं म्हण. तिथं मर्दपणा दाखवणारेच मार खातात." वाचणाऱ्यांनी हे एवढं तरी गाठीला बांधून ठेवावं.

कागद गेले आणि त्यानंतर ते झालं. दुपारी बाराची वेळ. आमच्याकडे त्या वेळेला पोराबाळांना मोकळ्या माळावर जाऊ देत नाहीत. हातोड्या थांबल्या होत्या, माणसं सावली धरून भाकरी खात होती. वारा नाही, पाखरू नाही, नुसतं ऊन. इतकं सामसूम झालं की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. आणि मग आवाज.

मी उठलो. काठी बाभळीलाच राहिली. नव्या मुरमाच्या रस्त्यावरून हात खांद्यापर्यंत उचलत, सगळ्या गावादेखत, मी चालत गेलो. जिथे रस्ता करायचा राहिला होता तिथे थांबलो, वळलो आणि परत आलो. घास तोंडात धरून सगळी बघत होती.

मुकादम पहिल्यांदा हसला. "वा रं फौजी! सरकारम्होरं लंगडा आन् हितं धडधाकट व्हय? चांगलं सोंग काढलंय!"

मग सगळीच हसली. शेवंता हसली नाही. तिने खाली मान घालून भाकरी संपवली.

त्या संध्याकाळी तिने मिठाच्या पाण्याने गुडघा शेकायला घेतला. मग म्हणाली, "रागावू नका. पर खरं सांगा, दुखतंय का?"

ढिगाऱ्याखाली मला जेवढं दुखलं नव्हतं तेवढं ते ऐकून दुखलं. मी शिव्या दिल्या. तिला, मुकादमाला, सरकारला, पायाला. ती ऐकत राहिली आणि शेकत राहिली.

सकाळी तीच मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेली. माझी आदल्या दिवशीची पावलं मुरमात तशीच होती. तिने बोट दाखवलं. डावं पाऊल नुसतं उमटलेलं. उजवं आत रुतलेलं, पाठीवर पोतं घेऊन चाललेल्या माणसासारखं.

"लंगडा मानूस दुखऱ्या पायावर भार देत न्हाई," ती म्हणाली. "ह्या पायावर दोघांचं वजन हाय. तुमच्यासंगं कोन आलंय?"

मग मी तिला उस्तादांचं सगळं सांगितलं. ती रस्त्यातच खाली बसली.

पाहुणा

मला वाटलं, आता देवऋषी, अंगारा, लिंबू सुरू होणार. पण शेवंताचं डोकं निराळंच चालतं. ती म्हणाली, "इतक्या लांबचा मानूस घरी आला आन् त्याला आपन पानी बी विचारलं न्हाई. कसा जाईल? त्यास्नी काय आवडायचं?"

"जाड रोटी, गूळ आणि कांदा," मी म्हणालो.

त्या दिवसांत गहू कुठून आणला ते तिने सांगितलं नाही. "तुमाला काय करायचंय?" एवढंच. दुपारी तिने पाट मांडला, ताट वाढलं, तांब्याभर पाणी ठेवलं. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "दादा, जेवून घ्या." आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे पाट जरासा सरकल्यासारखा वाजला. वळून बघायची माझी छाती झाली नाही, हे खरं तेच लिहितो. नंतर बघितलं तर ताट जसंच्या तसं. तांब्यातलं पाणी मात्र कमी झालेलं. दुष्काळात पाणी कुठेही आटतं, अशी मी माझी समजूत घातली.

आमचं चुकलं ते तिथे. जेवू घातलं की पाहुणा तृप्त होऊन जाईल असा शेवंताचा हिशेब. झालं उलटंच, पाहुणा रुळला. आधी कधीमधी यायचा तो आता रोज दुपारी यायला लागला. पाय मला अंगणात कवायत करायला लावायचा आणि उरलेला दिवस मी खाटेवर कण्हत पडायचो. शेवंताही चिडायला लागली. "लई मान दिला, आता हलायचं नाव न्हाई!"

"मग सांग की जायला."

"मी?" तिने कानाला हात लावला. आमच्या घरात दारात आलेल्याला जा म्हणत नाहीत. भिकाऱ्यालाही पुढं व्हा म्हणतात आणि निघालेल्या पाहुण्याला या म्हणतात. तिच्या आईने तिला शिकवलेलं आणि तिच्या आईला तिच्या आईने. "मेलेल्या मानसाला जा म्हनू? त्यानं मरताना तुमच्या अंगावर आड पडून तुमाला वाचवलं. जीभ झडंल माजी."

अशात पुण्याच्या लष्करी इस्पितळात अपिलाच्या बोर्डापुढे हजर व्हायचं बोलावणं आलं. लोकांना वाटतं आजारी माणसाला मरणाची भीती असते. मला उभं राहण्याची भीती होती. या बोर्डापुढे पाय पुन्हा ताठ झाला की माझ्यावर कायमचा ढोंगी म्हणून शिक्का, आणि शेवंताच्या हातात कायमचा हातोडा. यापुढे ठोठावायला मला दुसरं दार माहीत नव्हतं. मी तिला संगं चल म्हणालो.

दुसरा बोर्ड

या वेळचे मेजर डॉक्टर मराठी होते. थकलेले, डोळ्यांखाली काळं, पण माणूस बरा. पँट मला एकट्याला काढता येईना म्हणून त्यांनी शेवंताला आत घेतलं. मला टेबलावर झोपवलं. त्यांनी एक हात गुडघ्याच्या खाली घातला, एक वर ठेवला.

"सैल सोडा," ते म्हणाले.

मी सोडला. खिडकीतून ऊन आत आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली, बाराचा सुमार. आणि बाहेरच्या वॉर्डातली सगळी खडखड, पावलं, बादल्यांचे आवाज, एकदम बंद झाले. माळावर झाले होते तसे. मी शेवंताकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या उशाच्या मागे बघत होती.

हुकूम आला. पाय ताठ व्हायला लागला. डॉक्टरांनी हात एकदम काढून घेतला, चटका बसल्यासारखा, आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगणार? मी टेबलाच्या कडा धरल्या होत्या. टाचा जुळत होत्या. कंबर आपोआप उचलली जात होती. अजून एक हुकूम आला असता तर मी टेबलावरून उतरून त्यांना सलाम ठोकला असता आणि सगळं संपलं असतं. मी मनातल्या मनात उस्तादांना हात जोडत होतो आणि खरे हात तर कडा सोडून बाजूला ताठ चिकटलेले.

शेवंता पुढे झाली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, थोरल्या दिराशी बोलताना करतात तसा.

"दादा," ती म्हणाली, "तुमी लई केलं. तुमच्यामुळं ह्यो मानूस मला परत मिळाला. पर आता त्याला माज्या ताब्यात द्या. त्याचा पाय मोडलाय, दादा. मोडका हाय तर मोडका ऱ्हाऊ द्या." तिचा आवाज फुटला. "तुमी जा."

आणि पुन्हा, घशातून ओढून काढल्यासारखं, "जा."

पाय टेबलावर पडला. धप्प असा आवाज झाला, कापलेल्या ओल्या फांदीचा होतो तसा. माझ्या मानेवरून गार वारा गेला. बाहेर बादल्या वाजायला लागल्या.

 डॉक्टरांनी गुडघा पुन्हा हातात घेतला. सरळ करून बघितला, होईना. वाकवून बघितला, होईना. कोन मोजायची पट्टी लावली, परत लावली. मला फारसं दुखतही नव्हतं, तो भागच लाकूड झाला होता.

"हा केव्हापासून असा आहे?"

"तेव्हापासूनच, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी शेवंताकडे एकदा बघितलं. तिला काही विचारावं असं त्यांना वाटत होतं हे मला दिसत होतं. त्यांनी पेन उचललं. "हे सुधारण्यातलं नाही," ते म्हणाले. "मी तसं लिहितोय. वीसच्या कितीतरी वर जाईल, आणि कायमचं. मागच्या वेळी तुम्ही यावर चाललात कसे, हेच मला समजत नाही."

स्टँडवर

आता कुणी म्हणेल, मग झालं की मनासारखं! झालं. शेवंताने त्यानंतर हातोडा धरला नाही. मुकादम स्वतः घरी येऊन चहा पिऊन गेला आणि मी आधीच म्हणत होतो म्हणाला. तेव्हा सांध्याच्या माणसांनो, अपील कराच. बोर्डापुढे ताठ उभे राहू नका. घरच्या माणसाला संगं न्या.

पण त्या दिवशी पुण्याच्या स्टँडवर आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो. मी गुडघ्यावर हात ठेवून होतो. फौजेत मोडलेला तो गुडघा दुपारपासून पहिल्यांदाच पुरता गप्प होता. माझ्या लक्षात आलं की इतके महिने मी ज्या पाहुण्याच्या नावाने बोटं मोडत होतो तोच तेवढा मला चालवत होता. आता मी कधीच सरळ चालणार नव्हतो, आणि तसं सरकारनेही मान्य केलं होतं.

शेवंता पदराचं टोक पिळत होती. "आपन जिकलो न्हवं?" तिने विचारलं.

"व्हय. जिंकलो."

"मग आपल्या मानसाला दारातनं हाकलून दिल्यावानी का वाटतंय वो?"

मी तिला काही बोलायला गेलो आणि मला रडू फुटलं. भर स्टँडवर, लोक बघत असताना, हुंदके देऊन रडलो. उस्ताद गेले तेव्हा रडायचं राहिलं होतं. तिने माझा हात धरून ठेवला. तिच्या तळव्याचे फोड माझ्या बोटांना लागत होते.

नगरची यष्टी लागली. शेवंता आधी चढली आणि वरून हात दिला. मी दोन्ही हातांनी पाय उचलून पायरीवर ठेवला आणि तसाच थांबलो, मागून कुणी काही बोलतंय का ते ऐकत.

मागचा माणूस म्हणाला, "व्हा की वर, भाऊ. गाडी सुटंल."